ग्लेनऑकरची कोरी वही

१

तिन्ही मोहरा मी स्वतः तोडल्या. सगळ्यांच्या देखत दोरा कापला, जाड कागद उलगडला आणि वही उघडली.

पहिलं पान कोरं होतं. दुसरंही. अंगठ्याखालून सगळी पानं भरभर सोडली. चाळीस पानं, आणि एकावरही शाईचा ठिपका नाही.

गुरुवार होता, १८३२ सालच्या डिसेंबरातला. जागा ड्रमोर्नच्या न्यायालयातली माझी कचेरी. मी, गिलबर्ट ओगिल्व्ही, तेव्हा ड्रमोर्नशायरचा शेरीफ, म्हणजे काउंटीचा न्यायाधीश होतो. चार ठिकाणच्या मतांच्या वह्या उघडून बेरीज करायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता चौकातल्या बाजारखांबाशी उभं राहून निकाल सांगायचा, एवढंच माझं काम. तीन वह्यांची बेरीज झाली होती. इथला बडा जमीनदार अर्ल, त्याचा पुतण्या कॅप्टन बोथवेल याला एकशे बारा, तागाच्या गिरणीवाल्या ॲडम लेथमला सत्त्याण्णव. चौथी वही ग्लेनऑकर खोऱ्याची. तिथल्या एक्केचाळीस जणांवर सगळं अडलं होतं.

त्या एक्केचाळीस मतांचं मोल आज कुणाला सांगून पटणार नाही. यंदा, १८६८ साली, आमची काउंटी शेजारच्या काउंटीला जोडून टाकली आणि ड्रमोर्नशायर नावाची संसदेतली जागाच संपली. पण ती होती तेव्हा, शेकडो वर्षं, तिचा माणूस निवडणारे सगळे मिळून अकरा जण होते. त्यातल्या सहांच्या नावावर ढेकूळभरही माती नव्हती. अर्लने नुसत्या कागदावर जमीन लिहून त्यांना मतदार केलं होतं. एका निवडणुकीला तर तिघंच उगवले. एक अध्यक्ष झाला, दुसऱ्याने नाव सुचवलं, तिसरा निवडून आला, आणि तिघं मिळून मेंढीच्या मटणावर तुटून पडले. मग त्या वर्षी नवा कायदा आला. लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर जमीन कसणाऱ्या कुळांनाही मत मिळालं. मत मात्र तोंडाने, चारचौघांत द्यायचं, आणि समोर बसलेला असायचा अर्लचा कारभारी. पट्टा त्याच्या हातात आणि तो तुमच्या तोंडाकडे बघतोय!

"वही कुठे आहे?" मी विचारलं.

अर्लचा कारभारी हॅल्केट टेबलावर वाकला. उंच, देखणा माणूस, हातमोजेसुद्धा न काढता बोलणारा. त्याने तुटलेल्या लाखेचे तुकडे बोटाने सरकवले.

"हे बघा, ओगिल्व्ही. दोन मोहरा गडद लाल, तिसरी फिकट. लाख दोन रंगांची आहे. वाटेत कुणीतरी पुडकं उघडलं, वही बदलली आणि परत मोहर मारली. आणणारा कोण होता? तुमचाच शिपाई ना?"

डूगल मॅककेलर दाराशी उभा होता. जुना सैनिक, उजवा गुडघा लढाईत गेलेला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"साहेब, मी..."

"टोलनाक्यावर तासभर थांबला होता हा," हॅल्केट म्हणाला. "साऱ्या गावाला माहीत आहे. लेथमला हार दिसली असणार, म्हणून वहीच गायब करवली. आत टाका त्याला. आणि उद्या तीन वह्यांवर निकाल द्या."

माझा वृद्ध कारकून निनियन बार्क्ले खिडकीशी बसला होता. त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

दुसरा इलाज नव्हता. मी डूगलला कोठडीत पाठवलं.

२

वही नक्की आमचीच आहे का, हे सांगू शकेल असं एकच माणूस गावात होतं. ग्रिझेल लुम्सडेन. नवरा गेल्यावर बारा वर्षं ती एकटीने पुस्तकबांधणीचं दुकान चालवत होती. मतांच्या वह्या तिनेच शिवल्या होत्या. बोलावणं पाठवल्यावर ती हाताला खळ तशीच घेऊन आली.

"शेरीफसाहेब, माझी वही फाटली असेल तर दोष तुमच्या लोकांचा. माझी शिवण नाही उसवत."

"फाटलेली नाही, ग्रिझेलबाई. कोरी आहे."

तिने वही घेतली. आधी नाकाशी नेली, मग उजेडात धरली, मग मधोमध उघडून शिवण पाहिली. आणि खुदकन हसली.

"ही ग्लेनऑकरला मतं लिहायला दिलेली वही नव्हेच. तुम्ही पाच मागवल्या होत्या. चार ठिकाणच्या चार, आणि एक जादा. चार निळ्या दोऱ्याने शिवल्या. मग निळा संपला. पाचवी पांढऱ्या दोऱ्याने शिवली." तिने शिवणीवर नख टेकवलं. "पांढरा."

"म्हणजे ही आमच्या कचेरीतली जादा वही?"

"तुमच्या या मागच्या कपाटातली."

मी मान वळवली. कपाट उघडंच होतं, दिवसभर उघडंच असायचं. डूगल तिथे रोज यायचा. हॅल्केटही गेल्या आठवड्यात तीनदा मतदारांची यादी बघायला आला होता. त्यावरून काही ठरत नव्हतं.

"आता तो वेष्टनाचा कागद द्या," ती म्हणाली.

कागद टेबलावर पसरून तिने चष्म्यावरून, मग चष्म्याखालून पाहिलं. प्रत्येक घडीवर बोट फिरवलं. मी वाट बघून कंटाळलो.

"काय शोधताय?"

"कागद हट्टी असतो, साहेब, माझ्या सासूसारखा. एकदा दुमडला की ती घडी जन्मभर विसरत नाही. उलगडून परत दुमडा, नवी घडी जुनीवर तंतोतंत बसत नाही, केसभर तरी सरकतेच. इथे प्रत्येक ठिकाणी घडी एकच आहे. आणि मोहरांखाली बघा. गरम लाख पडली की कागदाला तेलकट डाग पडतो. तीन मोहरा, तीन डाग. चौथा नाही."

"म्हणजे?"

"हे पुडकं बांधल्यापासून आज तुम्ही उघडेपर्यंत कुणीही उघडलेलं नाही."

पुडकं वाटेत उघडलंच नसेल, तर कोरी वही आधीच आत होती. ग्लेनऑकरमध्ये, भर खोलीत, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर कुणीतरी ती आत घातली होती.

"पण मग लाख दोन रंगांची कशी?" मी म्हणालो.

"ते मला नका विचारू. तिथे जे होते त्यांना विचारा."

३

तिथे होते ते तिघं. माझ्या वतीने मतं लिहून घेणारा बार्क्ले, कॅप्टनच्या बाजूने हॅल्केट आणि लेथमच्या बाजूने खोऱ्यातला लोहार मर्डो गाउ. लोहार वीस मैलांवर, वाटेत गुडघाभर बर्फ. उरलेल्या दोघांना मी बोलावलं. त्याआधी आम्ही कोठडीत जाऊन आलो.

डूगल बाकावर पाय लांब करून बसला होता. ग्रिझेलबाईंनी शालीखालून ओटची भाकरी काढून त्याच्या हातात ठेवली.

"टोलनाक्यावर काय करत होतास रे तासभर?" तिने विचारलं.

"रस्ता दिसत नव्हता, बाई. तट्टू छातीएवढ्या बर्फात. टोलवाल्या मॅरियनने लापशी दिली, ती खाल्ली."

"आणि पुडकं?"

डूगल लाजला. "त्याच्यावर बसलो होतो. म्हटलं, मला उठवल्याशिवाय कुणाला हात लावता येणार नाही."

"म्हणूनच एका कोपऱ्याला चेपलंय!" ती म्हणाली. "सरकारी कागदाची एवढी ऊबदार राखण आजवर कुणी केली नसेल."

डूगल हसला, पण भाकरी त्याने तशीच बाजूला ठेवली. "साहेब, सतरा वर्षं नोकरी केली. कुणी मला चोर म्हटलेलं नाही. आज सगळ्यांच्या देखत म्हटलं."

मला त्याच्याकडे बघवेना.

कचेरीत परतलो तर हॅल्केट आधीच येऊन शेकोटीला पाठ करून उभा. ग्रिझेलबाईंकडे त्याने खुर्चीकडे बघावं तसं पाहिलं.

"ही बाई इथे कशाला?"

"वहीची तज्ज्ञ आहे. पुडकं बांधताना काय झालं, सांगा."

"काय व्हायचं? चार वाजता मतदान संपलं. बार्क्लेने वही मिटली, गुंडाळली. आम्ही तिघांनी मोहरा केल्या. तेव्हा लाख एकाच रंगाची होती, शपथेवर सांगतो." त्याने हातमोजा नीट केला. "ओगिल्व्ही, जळून गेलेल्या वहीची वाट बघत बसू नका. उद्या बारा वाजता निकाल द्या, नाहीतर अर्लसाहेब लंडनला पत्र लिहितील."

तो गेला. ग्रिझेलबाई एक भुवई वर करून माझ्याकडे बघत होती.

"जळून गेलेली?" ती म्हणाली. "हे त्यांना कुणी सांगितलं?"

खरंच! वही हरवली असं आम्ही म्हणत होतो. बदलली म्हणत होतो. जळली असं सकाळपासून कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. आणि जळलीच असेल, तर चोर सापडून तरी काय उपयोग? कागदावर नोंद नाही तर मत नाही. वाद घालायला वकील लागले असते, महिने लागले असते, आणि तोवर कॅप्टन संसदेत जाऊन बसला असता.

४

बार्क्ले आत आला. तीस वर्षं हा माणूस त्या अकरा जुन्या जमीनदार मतदारांच्या सभेचा चिटणीस होता. त्याचं अक्षर म्हणजे मोती. मी नवखा असताना कचेरीचं काम मला त्यानेच शिकवलं होतं. नव्या कायद्याने ती सभा गेली, तिच्याबरोबर त्याची चिटणिशीही गेली, आणि उरली माझ्या कचेरीतली कारकुनी.

"बार्क्ले, जादा वही कुठे आहे?"

"ग्लेनऑकरला नेली होती, साहेब. शाई सांडली तर हाताशी असावी म्हणून."

"मग कुठे गेली?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "सांगता येणार नाही, साहेब."

"मतांची वही पुडक्यात तुम्ही स्वतः घातलीत?"

"पुडकं मी बांधलं."

"कुणी हात लावला मध्ये?"

"सांगता येणार नाही."

मी त्याला जाऊ दिलं. दार लागल्याबरोबर ग्रिझेलबाई म्हणाली, "साहेब, तुम्ही वकील. मी आपली खळ लावणारी. पण ‘माहीत नाही’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही."

"ग्रिझेलबाई! बार्क्ले? अहो, मी त्यांना..."

"मीही त्यांना ओळखते. तुमच्याआधीपासून. म्हणून तर जीव खालीवर होतोय."

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी न्यायाधीशाच्या खुर्चीत एकटाच बसलो. माझ्या मित्राला गुन्हेगार ठरवायचं, की निर्दोष शिपायाला सडू द्यायचं? आणि मित्राला ठरवायचं तर कशाच्या जोरावर? एका विधवेने पाहिलेल्या घड्यांच्या?

५

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता रस्त्यावर गलका झाला. खिडकीतून पाहिलं. ग्लेनऑकरच्या वाटेने माणसांची रांग येत होती. दाढ्यांवर बर्फ, खांद्यावर घोंगड्या, आणि सगळ्यात पुढे बैलासारख्या खांद्यांचा मर्डो गाउ. वही कोरी निघाल्याची बातमी टोलनाक्यावरून वर पोचली आणि खोऱ्यातले तेहतीस जण रात्रीच निघून वीस मैल बर्फ तुडवत खाली उतरले होते.

मर्डोने कचेरीत येऊन टोपी काढली.

"साहेब, आमची मतं कुठे आहेत?"

"तेच शोधतोय. पुडकं बांधताना तू होतास. काय काय पाहिलंस?"

"सगळं पाहिलं. दोन दिवस ती वही माझ्या नाकासमोर होती. निळा दोरा. माझ्या बायकोच्या लग्नातल्या फितीसारखा निळा, म्हणून लक्षात राहिला."

ग्रिझेलबाईंनी सुस्कारा सोडला. "निळा!"

"आणि मोहरा?" मी विचारलं. "लाख एकाच रंगाची होती?"

"छे! बार्क्लेसाहेबांनी एक मोहर केली, मी एक केली, आणि कांडी संपली. मग हॅल्केटसाहेबांनी स्वतःच्या खिशातून दुसरी काढली. फिकट होती. मी म्हटलंसुद्धा, मोठ्या लोकांची लाखही वेगळी! तर म्हणाले, तोंड सांभाळ, तुझा पट्टा वसंतात संपतोय."

मी ग्रिझेलबाईंकडे पाहिलं. दोन रंगांचं कारण हॅल्केटला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याच रंगांवर बोट ठेवून त्याने डूगलला कोठडीत घालवलं होतं.

"मर्डो," ती म्हणाली, "नीट आठव. वही मिटल्यावर आणि गुंडाळण्याआधी काही झालं का?"

लोहाराने कपाळ खाजवलं. "झालं ना. हॅल्केटसाहेबांनी एकदम दार उघडलं. ओरडले, ‘बाहेर दंगा होतोय!’ मी धावत गेलो. बाहेर काळं कुत्रं नव्हतं. वाऱ्याने मेणबत्ती तेवढी विझली. परत लावली तोवर बार्क्लेसाहेब दोरा बांधत होते."

एवढाच वेळ लागला होता. एक दार, एक झोत, आणि टेबलाशी एकटा राहिलेला एक माणूस.

"आम्ही मूर्ख नाही, साहेब," मर्डो हळू आवाजात म्हणाला. "कारभाऱ्याच्या तोंडावर लेथमचं नाव घेतलं तेव्हाच कळलं होतं, पट्टे जाणार. बायको म्हणाली, जाऊ दे, एकदा तरी मोठ्याने बोल. बोललो. आता ते बोलणंच झालं नाही म्हणतात?"

साडेदहा वाजले होते. मला चोरी कशी झाली ते कळलं होतं. वही मात्र नव्हती.

"हॅल्केट म्हणतो ती जळली," मी म्हणालो. "संपलं सगळं."

"हॅल्केटला तसं वाटतंय," ग्रिझेलबाई सावकाश म्हणाली. "म्हणजे त्याने ती जळताना पाहिलेली नाही. कुणीतरी त्याला सांगितलंय. बार्क्लेंनीच. पण साहेब, उंदराने कुरतडलेली पावतीसुद्धा हा माणूस माझ्याकडे चिकटवायला आणतो. तीस वर्षांत एक चिटोरं फेकलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या अक्षरातली, सह्या झालेली अख्खी वही? मेला तरी जाळणार नाही."

"मग ठेवली कुठे? घरी?"

"घरी बहीण आहे, तिला सगळं हुंगायची सवय. कागदाची वही ठेवायची तर कागदांतच. आणि अशा ठिकाणी, की यापुढे कुणी कधी हात लावणार नाही." ती उठली आणि भिंतीवरच्या फळीकडे बघू लागली. "या काउंटीत असं कोणतं पुस्तक आहे, शेरीफसाहेब, की जे कायद्यानेच कायमचं मिटलंय?"

६

अकरा वाजता मी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. कॅप्टन बोथवेल कंटाळलेला, ॲडम लेथम पांढराफटक, हॅल्केट घड्याळ हातात घेऊन. बार्क्ले आपल्या जागी. डूगललाही कोठडीतून आणवलं. दारात मर्डो उभा होता, त्याच्यामागे जिना भरून खोऱ्यातली माणसं.

मी घड्यांबद्दल सांगितलं, दोऱ्यांबद्दल सांगितलं. लाखेची दुसरी कांडी कुणाच्या खिशातून आली तेही सांगितलं. हॅल्केट हसला.

"लोहाराची साक्ष आणि बाईचं शिवणकाम! वही दाखवा, ओगिल्व्ही. वही नाही तर काहीच नाही."

"ग्रिझेलबाई," मी म्हणालो.

तिने फळीवरून एक जाडजूड, कातडी बांधणीचं पुस्तक उतरवलं. जुन्या जमीनदार मतदारांच्या सभेची नोंदवही. शंभर वर्षांच्या निवडणुका त्यात होत्या, त्या अकरा जणांच्या. ते मटण खाणारे तिघंही. फळीवर धुळीचा थर होता. ज्या जागी हे पुस्तक होतं तिथे मात्र ओरखडा उठला होता.

"याचा पट्टा मी चार वर्षांपूर्वी बदलला," ती म्हणाली. "बक्कल लावल्यावर दोन बोटं आत जातील एवढा सैल ठेवला होता. जुन्या कातड्याला श्वास घ्यायला लागतो." तिने बोट घालायचा प्रयत्न केला. "आज नखही शिरत नाही. शंभर वर्षांचं म्हातारं पुस्तक, आणि या आठवड्यात पोट सुटलं!"

जिन्यावर कुणीतरी हसलं. ती बक्कल उघडणार इतक्यात बार्क्ले उठला.

"थांब, ग्रिझेल. मी उघडतो."

त्याने दोन्ही हातांनी बक्कल सोडली. पुस्तक मधोमध आपोआप उघडलं. आत निळ्या दोऱ्याची वही होती.

"मी शेगडीपर्यंत नेली होती," तो म्हणाला. आवाज स्पष्ट होता, नेहमीसारखा. "हॅल्केटनी सांगितलं होतं, कॅप्टन निवडून आले की मला पेन्शन मिळेल, जुन्या सभेचा मान परत येईल. आणि खरं सांगू, साहेब? पैशासाठीच नव्हतं. त्या दोन दिवसांत मला राग येत होता. जमीनदाराच्या मताला एक ओळ, आणि लोहाराच्या मतालाही एकच ओळ! मी तीस वर्षं कुणाची चिटणिशी केली मग? पण शेगडीशी बसून ती नावं वाचली. मर्डो गाउचं नाव लिहिताना माझा हात थरथरला नव्हता. त्याचाही आवाज थरथरला नव्हता. मला ती आगीत टाकता येईना." तो डूगलकडे वळला. "तुला काल नेलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याची क्षमा मागायलाही मला तोंड नाही."

डूगल लंगडत त्याच्यापाशी गेला. मग म्हणाला, "आज बोललात ना, बार्क्लेसाहेब."

"हा म्हातारा भ्रमिष्ट आहे!" हॅल्केट ओरडला. "ही वही खरी कशावरून? आम्ही ती मानत नाही!"

मी वही त्याच्यासमोर धरली. प्रत्येक पानाच्या तळाशी तीन सह्या होत्या. बार्क्लेची, मर्डोचा ठोकळ्यासारखा ‘म’, आणि खाली लफ्फेदार, रेघ मारलेली तिसरी.

"ही सही कुणाची, मिस्टर हॅल्केट?"

तो सहीकडे बघत राहिला. मग कॅप्टन बोथवेल पहिल्यांदाच बोलला. "हॅल्केट, तुम्ही माझ्या नावावर हे केलंत?" कॅप्टनने टोपी उचलली. "शेरीफ, मोजा तुम्ही. मी हरणार असेन तर हरतो."

७

बारा वाजता बाजारखांबाशी उभा राहिलो तेव्हा चौकात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कायद्याने मला फक्त बेरीज सांगायची होती. पण मी ग्लेनऑकरची वही उघडली आणि एकेक नाव वाचायला लागलो.

"मर्डो गाउ, लोहार. मत, लेथम."

"मीच तो!" मर्डो गर्जला.

मी असं वाचेन हे कुणाला माहीत नव्हतं. उत्तर द्यायला कुणी सांगितलंही नव्हतं. पण पुढचं नाव घेतलं आणि दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "मीच तो!" मग तिसरा, चौथा. म्हातारे होते, तरुण होते, एकाचा आवाज फुटलाच नाही तर त्याच्या बायकोने ओरडून सांगितलं. तेहतीस नावं, तेहतीस आवाज. कॅप्टनला मत दिलेल्या आठ जणांची नावंही मी तितक्याच मोठ्याने वाचली. त्यातला एक जण तिथे होता आणि त्यानेही हात वर केला.

"कॅप्टन बोथवेल, एकशे वीस," मी म्हणालो. "मिस्टर ॲडम लेथम, एकशे तीस."

पुढचं मला ऐकू आलं नाही. टोप्या उडाल्या, घंटा वाजू लागल्या. एवढ्या गर्दीत सगळ्यांच्या देखत डूगलला मी हात दिला आणि मोठ्याने म्हणालो, "या माणसाने वही चोरली नव्हती. सांभाळली होती." त्याने सैनिकी सलाम ठोकला आणि दुसऱ्याच क्षणी गिरणीतल्या चार मुलींनी त्याला मिठ्या मारल्या.

हॅल्केटची चौकशी झाली आणि वसंताआधीच अर्लने त्याला काढून टाकलं. कॅप्टनने काकाशी भांडून पट्टे वाचवले, म्हणून खोऱ्यातल्या एकाही घराची चूल विझली नाही. बार्क्ले सहा महिने कैदेत होता. सुटला तेव्हा ग्रिझेलबाईंनी त्याला दुकानात पुस्तकांच्या पाठीवर नावं लिहायला बसवलं, आणि मरेपर्यंत तो ते काम करत राहिला.

पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी लोकांनी डहाळ्या-फितींनी सजवलेली खुर्ची आणली. निवडून आलेल्याला तीत बसवून गावातून मिरवायचं, ही आमच्याकडची रीत. लेथम खुर्चीपाशी गेला, वळला आणि म्हणाला, "मी नाही. आधी ती."

"कोण?" ग्रिझेलबाई म्हणाली. "मला मत सुद्धा नाही! अरे सोडा मला, हाताला खळ आहे माझ्या..."

मर्डोने तिला भाकरी उचलावी तसं उचलून खुर्चीत ठेवलं. खोऱ्यातले आठ गडी खुर्चीच्या दांड्यांखाली गेले, डूगल लंगडत पुढे झाला आणि खुर्ची गर्दीच्या डोक्यावर चढली. तिने एका हाताने चष्मा धरला, दुसऱ्याने खुर्ची. क्षणभर मला वाटलं, ती रडतेय. मग ती पुढे झुकली आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"मिरवताय तर नीट मिरवा रे! डावीकडे घ्या. अर्लच्या वाड्याच्या खिडक्यांखालून जाऊ!"

शेरीफने अशा मिरवणुकीत पाऊलही टाकू नये, असा नियम होता. मी वही छातीशी धरली आणि डावीकडे वळलो.